दोन होऊ घातलेले व्याही आणि उग्रस्तंभ

नल्लमलाच्या डोंगरात माणसं देवासाठी जातात, नाहीतर वाघासाठी. मी गेलो ते एका माणसाला 'नाही' म्हणायला, आणि तेही त्याच्याच गाडीत बसून, त्याच्या बायकोने बांधून आणलेला चिंचेचा भात खात खात.

हा माणूस म्हणजे रमणा गारू. 'गारू' हे तेलुगूत आपल्या 'राव'सारखं. नावाला लावलं की माणूस आपोआप आदरणीय होतो, पुराव्याची गरज पडत नाही. रेल्वेतून निवृत्त, तारनाक्याला घर, रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालायला जातात आणि किती चाललो ते दिवसभर सांगतात. त्यांचा मुलगा चैतन्य आणि माझी मुलगी मुग्धा एकाच कंपनीत कामाला आहेत, आणि त्यांना लग्न करायचं आहे. मी वकील. आमच्या घराण्याने हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहून आधी उर्दूत, मग इंग्रजीत वकिली केली आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत वाद घातले. लग्नाचं हे प्रकरण माझ्यापुढे आलं तेव्हा मी ते रीतसर तहकूब केलं. मग पुन्हा तहकूब केलं. शेवटी मुग्धा म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी पळून-बिळून नाही जाणार. पण काहीतरी म्हणा तर. हौ नाहीतर नक्को."

माझी बायको नंदा चिक्कडपल्लीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. न सुटलेलं उदाहरण घरात पडून राहिलेलं तिला खपत नाही. त्यामुळे मुलांनी जेव्हा सुचवलं की चौघा आईबापांनी दोन-तीन दिवस एकत्र कुठेतरी जाऊन यावं, ओळख वाढवावी, तेव्हा माझ्याशी सल्लामसलत न करता ती 'हो' म्हणाली. रमणा गारूंनी लगेच अहोबिलम सुचवलं. त्यांचं कुलदैवत नरसिंह, आणि नरसिंह तिथल्या डोंगरात जागोजागी बसलेला. "और ट्रेकिंग भी है सार," ते मला फोनवर म्हणाले. "चलेंगे, बात करेंगे. आपको आदत है ना चलने की?"

मला कोर्टाच्या पायऱ्या चढायची सवय आहे. त्या वयाप्रमाणे वाढत नाहीत एवढाच त्यांचा गुण. पण समोरच्या पक्षाला हे कबूल करायचं नसतं. मी म्हणालो, "हौ, आदत है."

दिगुव अहोबिलम

दिगुव म्हणजे खालचं. खालचं अहोबिलम हे गाव, वरचं म्हणजे एगुव अहोबिलम डोंगरात. हैदराबादहून कर्नूल, नंद्याळ असा रस्ता. त्या रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की गाडी रमणा गारू चालवत होते आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक स्टेशनचा इतिहास त्यांना पाठ होता.

नंद्याळ सोडल्यावर उजाड शेतांपलीकडे एकदम भिंत उभी राहते, ती नल्लमला. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना सह्याद्री माहीत असतो तो पुण्याच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंतून. त्यात हिरवा रंग फार आणि नातेवाईक त्याहून फार. नल्लमला त्या मानाने अबोल डोंगर आहे. नाव काळ्या टेकड्यांचं, पण जवळ गेल्यावर कडे तांबडे, आडव्या थरांचे, जुन्या कोर्टातल्या रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यावर गठ्ठा ठेवावा तसे. वर झाडी, मध्ये उघडा दगड, खाली पुन्हा झाडी. मी गाडीतून उतरलो आणि थोडा वेळ खरंच बघत राहिलो. रमणा गारू शेजारी येऊन म्हणाले, "कैसा है हमारा पहाड?" जणू काही तो त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून बांधला होता. मी म्हणालो, "ठीक आहे."

संध्याकाळी खालच्या देवळात गेलो. तिथला नरसिंह शांत आहे, मांडीवर लक्ष्मी घेऊन बसलेला. देवळाची कथा रमणा गारूंनी सांगितली, आणि ती माझ्याच सोयीची निघाली. हिरण्यकश्यपूला मारल्यावर नरसिंहाचा राग काही उतरेना. तो या रानात भटकत राहिला. तिथे त्याला चेंचू जमातीची मुलगी दिसली. चेंचू म्हणजे या डोंगरांत मध आणि कंद गोळा करून राहणारे लोक. देव पाघळला आणि मागणी घालायला गेला. मुलीच्या माणसांनी मात्र लगेच हार आणले नाहीत. त्यांनी त्याला कंद खणायला लावले, मध काढायला लावला, रानातली कामं येतात का ते तपासलं, आणि मगच मुलगी दिली.

"मुलीच्या बापाचा हक्कच आहे तो," मी म्हणालो. आमचं चौघांचं बोलणं बहुतेक हैदराबादी हिंदीत चालायचं, इथे सोयीसाठी मराठीत देतोय.

"हौ सार," रमणा गारू म्हणाले. "चैतन्यला पण काही खणायला लावायचं असेल तर सांगा."

विनोद वाईट नव्हता. मी हसलो नाही.

रात्री जेवायला नाचणीची संगटी होती, म्हणजे भात घालून शिजवलेला उकडीचा गोळा, आणि शेंगदाण्याची चटणी. गोळा चावायचा नाही, गिळायचा, असं विजयलक्ष्मी गारूंनी, म्हणजे रमणा गारूंच्या पत्नीने, आम्हाला शिकवलं. नंदाने दोन गोळे सहज गिळले. माझा अर्धा गोळा घशात थांबून पुढच्या सुनावणीची वाट बघत राहिला.

सकाळच्या नाष्ट्याला मात्र पहिली चकमक झाली. ताटात आलं उग्गाणी. भिजवलेले चुरमुरे, कांदा, हळद, डाळ्याचं कूट, सोबत मिरची भजी. नंदा म्हणाली, "अहो, ही तर आपली सुशीला."

"हे उग्गाणी आहे," विजयलक्ष्मी गारू म्हणाल्या.

"आमच्याकडे सुशीला म्हणतात. आमच्या नांदेडच्या आजीची रेसिपी."

"आमच्या कर्नूलमध्ये शेकडो वर्षं करतात."

मग दोघींनी शांतपणे एकमेकींच्या कृतीची उलटतपासणी घेतली. चुरमुरे किती वेळ भिजवता, पिळता की निथळता, कूट आधी की नंतर. मी मनातून खूश झालो. चुरमुऱ्यावरून मोडलेलं लग्न समाजाला समजावून सांगायला सोपं. पण दुसऱ्या प्लेटनंतर त्या दोघी लिंबू पिळावं की नाही यावर एकमत होऊन उठल्या.

एगुव अहोबिलम

वरच्या देवळापासून चालायची वाट सुरू होते. बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात. ज्यांना चालवत नाही त्यांना डोलीतून नेतात. डोलीवाल्यांनी चौघांकडे पाहिलं आणि सरळ माझ्यापाशी आले. मी त्यांना नको म्हणालो. रमणा गारूंनी त्यांना तेलुगूत सांगितलं की सार वकील आहेत, जपून बोला. त्यात नेमका माझा बचाव होता की माझी तक्रार, ते कळलं नाही.

वाटाड्या म्हणून ओबुलेसु नावाचा चाळिशीचा माणूस घेतला, आणि फोटो पाठवायला सोपं म्हणून रमणा गारूंनी त्याला सहलीसाठी मुलांनी काढलेल्या 'आई-बाबा' ग्रुपवरही घेतलं. त्याची कामाची पद्धत अशी: प्रत्येक दगडापाशी थांबायचं, हात वर करायचा, पुराण सांगायचं आणि लगेच फोन काढून सिग्नल शोधायचा. सिग्नल नसला तर पुराण लांबायचं.

"इथे प्रल्हादाला डोंगरावरून फेकलं," तो म्हणाला.

पुढच्या वळणावर म्हणाला, "इथे प्रल्हादाला फेकलं."

"मघाशी त्या कड्यावरून फेकलं होतं ना?" मी विचारलं.

"पुष्कळदा फेकलं सार. मरतच नव्हता."

साक्षीदार तयारीचा होता.

वाट भवनाशिनी नावाच्या ओढ्याच्या कडेकडेने जाते, आणि मध्येच कडा सोडून ओढ्यातूनच जाते. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते, तरी घळीत पाणी होतं. हत्तीएवढे गोटे, त्यांच्यामधून थंड पाणी, वर दोन्ही बाजूंनी तेच तांबडे थर. मध्येच लोखंडी कठडे, मध्येच पूल, मध्येच काहीही नाही. रमणा गारू गोट्यांवरून पुढे पुढे जात होते आणि प्रत्येक वेळी मागे वळून "धीरे आओ सार, जल्दी नहीं" म्हणत होते. डोंगरातला सगळ्यात अपमानास्पद शब्द 'सावकाश' आहे हे मला त्या ओढ्यात समजलं. नंदा आणि विजयलक्ष्मी गारू आमच्या मागून गप्पा मारत येत होत्या आणि तरीही आम्हाला गाठत होत्या.

एका पुलापाशी माकडांनी नाकाबंदी केली. मोठ्या माकडाने विजयलक्ष्मी गारूंच्या पिशवीतून चेक्कलू, म्हणजे तांदळाच्या तिखट कडक पुऱ्या, उचलल्या आणि शिस्तीत खाल्ल्या. मग नंदाच्या पिशवीतली चिवड्याची पुडी काढली, फोडली, हुंगली आणि कठड्यावर ठेवून दिली. विजयलक्ष्मी गारूंनी ती फार अदबीने उचलून नंदाला परत दिली. त्या अदबीतला निकाल मला स्पष्ट ऐकू आला.

ज्वाला नरसिंहाची गुहा कड्याच्या पोटात आहे. वरून पाण्याची धार पडते, वाऱ्याने फुटते आणि चालणाऱ्यांच्या अंगावर तुषार होऊन येते. इथेच देवाने उंबऱ्यावर बसून हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं म्हणतात. शेजारी लहानसं कुंड आहे, त्यात त्याने रक्ताचे हात धुतले. पाणी तांबूस दिसतं. ओंजळीत घेतलं की स्वच्छ. मी ओबुलेसुला कारण विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी ओंजळभर पाणी पिऊन गप्प बसलो. इतकं चांगलं पाणी मी हैदराबादेत कधी प्यायलेलो नाही.

बायका म्हणाल्या, आम्ही इथेच बसतो, पाय दुखले. खरं तर दोघींचेही पाय ठणठणीत होते. रमणा गारूंनी वर बोट केलं. "उग्रस्तंभम. सार, चलते क्या?"

उग्रस्तंभ म्हणजे ज्या खांबातून नरसिंह प्रकटला तो खांब. आपण शाळेत चित्र पाहतो त्यात तो राजवाड्यातला नक्षीचा खांब असतो. इथे तो डोंगराच्या शेंड्यावरचा सुळका आहे, मधोमध फुटल्यासारखा. ओबुलेसुच्या मते अख्खा डोंगर हाच राजवाडा होता. लोक तिथवर चढतात, वर देवाच्या पावलांना हात लावतात आणि झेंड्यापाशी फोटो काढतात.

"चलते," मी म्हणालो. रमणा गारूंना नकार द्यायला याहून उंच जागा मिळणार नव्हती.

उग्रस्तंभ

चढ आधी रानातून आहे. सागवान, बांबू, मध्ये मध्ये रक्तचंदन, ज्याच्याकडे बोट दाखवतानाही ओबुलेसु आवाज खाली करायचा, जणू झाडाचं नाव घेतलं तरी गुन्हा दाखल होईल. मग झाडं संपतात आणि घसरडे दगड लागतात. मी झाडांच्या मुळांना धरून, दगडांना मिठ्या मारून, कोणत्याही पेशाला न शोभणाऱ्या आसनांत वर गेलो. शेवटचा टप्पा तर अक्षरशः दगडाला पोट लावून चढायचा आहे. रमणा गारू माझ्याआधी वर पोचले. मी पोचलो तेव्हा ते पावलांपाशी डोकं टेकवून उठत होते.

वर वारा होता. चारही बाजूंना नल्लमला पसरलेला, रांगेमागे रांग, दूरची रांग निळी, तिच्यामागची धुरकट. कुठे घर नाही, रस्ता नाही. एवढं काहीही नसलेलं मी फार दिवसांनी पाहिलं. मी माझं भाषण मनात जुळवलं. 'रमणा गारू, चैतन्य उत्तम मुलगा आहे, परंतु...' त्यापुढचा मजकूर मी बरकतपुऱ्यात पाठ केला होता.

ओबुलेसु म्हणाला, खालच्या वळणावर सिग्नल येतो, तुम्ही उतरा, मी आहेच. आणि तो गेला.

मी दोन हात खाली उतरलो आणि वर पाहिलं. रमणा गारू दगडाला पाठ लावून बसले होते. डोळे मिटलेले. चेहरा नाचणीच्या संगटीसारखा.

"चला," मी म्हणालो.

"मैं नहीं उतरता सार."

"म्हणजे?"

"नहीं उतरता. ऊपर आते वक्त नीचे देखा नहीं. अब देख लिया. पाँव नहीं सुन रहे."

आधी मला वाटलं, छातीत दुखतंय. विचारलं. तसं काही नव्हतं. त्यांना नुसती भीती वाटत होती, खरीखुरी. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. विद्यापीठाचे सगळे रस्ते सपाट आहेत, हे तोवर आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी पुन्हा वर गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. जायला दुसरी जागाच नव्हती.

थोड्या वेळाने ते डोळे न उघडता बोलायला लागले. आता तेलुगूत. घाबरला की माणूस आपल्या भाषेत जातो. मला तेलुगू समजतं.

"एक सांगू का सार? मला वाटत होतं, तुम्ही नाही म्हणाल."

"कशाला?"

"लग्नाला. वकील माणूस, मराठी, शंभर अडचणी काढाल. म्हणून तर इथे आणलं. चढून चढून वैतागाल आणि रागाच्या भरात नाही म्हणून टाकाल. मग मला काही बोलावं लागलं नसतं. चैतन्यपुढे मी चांगला राहिलो असतो."

माझा नकार, जसाच्या तसा, माझ्याआधी कुणीतरी मांडून ठेवला होता. खरं तर तिथेच हात मिळवून खाली यायला हवं होतं. दोन्ही पक्षांना जे हवं तेच मिळालं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"माझ्या मुलीत काय वाईट आहे?"

"पिल्ल बंगारम," ते म्हणाले. पोरगी सोनं आहे. "तुमचं घर वाईट आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या घरात सगळे टोचून बोलतात. मी पहिल्यांदा आलो, पुतारेकुलू घेऊन आलो. म्हणजे ती कागदासारखी मिठाई, चांगल्या दुकानातली मिळावी म्हणून दोन ठिकाणी हिंडलो, त्यात उशीर झाला. तुम्ही दारात काय म्हणालात? 'रेल्वेतले ना, उशिरा यायची सवयच असेल.' सगळे हसले. तुमची मुलगीसुद्धा हसली. मी घरी जाऊन झोपलो नाही सार. माझा मुलगा साधा आहे. त्याला उत्तरं सुचत नाहीत. जन्मभर तुमच्याकडे तो चहा घेऊन बसेल आणि तुम्ही सगळे त्याच्यावर हसाल."

तो विनोद मला अजूनही चांगला वाटतो. पण ते ज्या आवाजात सांगत होते त्या आवाजात तो विनोद राहिला नव्हता. 

मग मीही सांगितलं. हिंदी, तेलुगू, जे तोंडात आलं त्यात. की मुग्धा एकुलती एक. तिला मराठी वाचता येतं ते दुकानाच्या पाटीइतकं. तुमच्याकडे आली की तेवढंही संपलं. चार पिढ्या या शहरात आम्ही ही भाषा घरात कोंडून जपली, आणि ती माझ्या उंबऱ्यावर संपणार. "तुम्हाला नाही कळणार," मी म्हणालो. "तुमच्या भाषेला रान मोकळं आहे."

रमणा गारूंनी आता डोळे उघडले. "तुमची मुलगी माझ्याशी तेलुगूत बोलते. चैतन्यशी इंग्रजीत. मैत्रिणींशी हिंदीत. मराठीत कधी बोलते सांगू? तुमच्याशी फोनवर भांडते तेव्हा. आमच्या बाल्कनीत उभी राहून. मला काही कळत नाही, पण चैतन्यला सगळं कळतं. ऐकून ऐकून शिकलाय. 'उगाच', 'पुरे झालं', 'काहीतरीच काय'. त्याला मराठीत फक्त भांडता येतं."

"मग पुरेसं आहे," मी म्हणालो. "आमच्याकडे बाकी फारसं काही बोलत नाहीत."

ते हसले. दगडावर बसून, हात अजून मांड्यांखाली, पण हसले. मला वाटतं त्या दिवशी मी त्यांना बोललेलं हे पहिलंच वाक्य, ज्याला टोक नव्हतं. किंवा असलंच तर ते माझ्याकडे वळलेलं होतं.

पण सुळका तिथेच होता. मी म्हणालो, उभं राहू नका, खाली बघू नका, माझ्या पाठीकडे बघा आणि बसूनच उतरा. मी पुढे, ते मागे. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर मागून मुठीत धरली. दोन सुशिक्षित, निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ त्या देवाच्या खांबावरून बूड टेकत टेकत, एकेक दगड घसरत खाली आले. वाटेत माझी विजार फाटली. कॉलर तुटली. एका जागी माझा पाय सुटला तेव्हा माझा सगळा भार त्यांच्या मुठीवर आला आणि मूठ सुटली नाही. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे पुन्हा घट्ट मिटलेले होते, पण ते ओरडत होते, "पट्टुकुन्नानू बावगारू, पट्टुकुन्नानू." धरलंय, धरलंय.

तोवर मी 'सार' होतो. 'बावगारू' तेलुगूत मेहुण्याला म्हणतात, आणि व्याही व्याह्याला म्हणतो. त्या क्षणी त्यावर हरकत घेण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

झाडं सुरू झाली तिथे ओबुलेसु उभा होता. तो आमचं उतरणं बराच वेळ फोनवर टिपत होता. "फार छान आलंय," तो म्हणाला.

ज्वाला नरसिंहाच्या गुहेपर्यंत येताना आम्ही दोघांनी ठरवलं की खाली गेल्यावर गंभीरपणे सांगायचं, विचार केला आणि संमती आहे. कोणी आधी बोलायचं यावर थोडी चर्चा झाली. मुलीचा बाप म्हणून मी आधी, असं ठरलं.

गुहेपाशी दोघी पाण्याच्या धारेखालच्या कोरड्या दगडावर बसल्या होत्या. मधोमध तीच चिवड्याची पुडी, रिकामी. नंदाने माझ्या विजारीकडे पाहिलं आणि विचारलं, "पडलात?"

"नाही. मला एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "आम्ही दोघांनी वर बसून नीट विचार केला..."

"फाल्गुनात करू," नंदा म्हणाली. "उन्हाळ्याआधी. विजयलक्ष्मी म्हणतात हॉल तारनाक्याला बरा, पार्किंग आहे. जेवण एक वेळ त्यांचं, एक वेळ आपलं. पुरणपोळीला त्या हो म्हणाल्यात."

'गारू' गळून पडलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

"तुम्ही कधी ठरवलंत?" रमणा गारूंनी विचारलं.

"तुम्ही वर गेलात तेव्हाच," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "नाहीतर इथे बसून करायचं काय होतं?"

वरच्या देवळाशी आल्यावर सिग्नल आला. मी मुग्धाला फोन लावला. म्हटलं, निदान ही तरी पहिल्यांदा माझ्याकडून ऐकेल. ती म्हणाली, "बाबा, ओबुलेसु अंकलनी व्हिडिओ पाठवला आई-बाबांच्या ग्रुपवर. तुम्ही दोघं ठीक आहात ना?" मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यात चैतन्यचे बाबा तुम्हाला बावगारू म्हणतायत. म्हणजे हौ का?"

"हौ," मी म्हणालो.

ती रडत रडत, स्वच्छ मराठीत, मला म्हणाली की विजार बदला.

पावन

परतायच्या दिवशी सकाळी पावन नरसिंहाला गेलो. हाच तो नरसिंह, ज्याने चेंचू मुलीशी लग्न केलं. तिथे रानातून जीप जाते. 'जाते' हे सौजन्याने म्हणतो. वाट म्हणजे खड्डे आणि खड्ड्यांच्या मधले दगड. जीपमध्ये माणसं बसत नाहीत, आपटतात. विजयलक्ष्मीबाई आणि नंदा एकमेकींना धरून इतक्या हसत होत्या की ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि त्या वाटेवर ड्रायव्हरने मागे बघणं मला रुचलं नाही. रमणा गारू डोळे मिटून बसले होते. आता त्यांना ते लपवावंसं वाटत नव्हतं.

देऊळ झाडीत, लहान. बाहेर एक चेंचू बाई मध विकत बसली होती. पांढरे केस, तोंडात पान, बोलायला खमकी. देवाबद्दल ती भाविकासारखी बोलेना, घरच्या कुरबुरीसारखी बोलायला लागली.

"आमचा अल्लुडू आहे तो," ती म्हणाली. जावई. "संक्रांत झाली की पालखीत बसून निघतो, गावोगाव फिरतो. माझ्या लग्नाला या, म्हणून आमंत्रण देतो. महिना-दीड महिना हिंडतो. दर वर्षी तेच लग्न, दर वर्षी तेच आमंत्रण."

"मग तुम्ही काय करता?" नंदाने विचारलं.

"आमची माणसं आधी पालखीवर बाण सोडतात. मग पाया पडतात."

"बाण?"

"मुलगी आमची नेली ना." तिला यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

तिने बोटावर मध दिला. कडवट, मागून गोड, धुराच्या वासाचा. मग तिने माझ्याकडे, माझ्या कालच्याच शर्टाच्या तुटक्या कॉलरकडे आणि रमणा गारूंकडे नीट पाहिलं आणि त्यांना विचारलं, हे तुमचे कोण?

"आमचे वियंकुडु," रमणा गारू म्हणाले. व्याही. "होणारे."

"पोरगी कुणाची, पोरगा कुणाचा?"

"पोरगी यांची."

बाईने रमणा गारूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या एका खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती, दुसऱ्यावर नंदाची. रमणा गारूंचे हात मोकळे होते.

"मग त्यांच्या खांद्यावर ओझं का?" ती म्हणाली. "पोरगी देणारा माणूस आहे. घ्या ते तुम्ही."

रमणा गारूंनी दोन्ही पिशव्या माझ्या खांद्यांवरून उतरवून घेतल्या आणि जीपपर्यंत नेल्या. आमच्या मराठी घरांत मुलीच्या बापाने अशा वेळी अहो राहू द्या, राहू द्या, म्हणायचं असतं. मी म्हणालो नाही. हात पाठीमागे बांधून त्यांच्यापुढे सावकाश चालत गेलो.